जॉर्ज हॅरिसन स्पष्ट बोलायचा, त्याला कडवट म्हणू नका

मींड

बीटल्स या इंग्लिश रॉक बँडमधला ‘शांत’ तो जॉर्ज, असं वर्षानुवर्षं छापून येतं. गेले दोन महिने मी त्याच्या जुन्या मुलाखती मिळतील तशा ऐकतेय, वाचतेय, आणि हे विशेषण मला पटेनासं झालं आहे. विचारलं की तो सरळ उत्तर द्यायचा. जून १९६२ मध्ये ही चार पोरं लंडनला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत पहिल्यांदा गेली, तेव्हा निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना त्यांच्या उणिवा सविस्तर सांगितल्या आणि मग विचारलं, तुम्हालाही काही आवडलं नसेल तर बोला. एकोणीस वर्षांचा जॉर्ज म्हणाला, “पहिली गोष्ट म्हणजे, तुमचा टाय मला आवडला नाही.” हेच मार्टिन पुढे त्यांच्या जवळजवळ सगळ्या रेकॉर्ड्सचे निर्माते झाले.

त्याला चिकटलेलं दुसरं विशेषण म्हणजे कडवट. बँडची बहुतेक गाणी लिहिणारे जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी अशा दोन मोठ्या झाडांखाली वाढला, म्हणून आयुष्यभर कुरकुरत राहिला, असं म्हणतात. मला हे अन्यायाचं वाटतं, म्हणून हा धागा. तो बँडबद्दल जितकं उघड बोलला तितकंच स्वतःच्या फसलेल्या गोष्टींबद्दलही बोलला. कडवट माणसाला हे जमत नाही.

आधी प्रसिद्धीबद्दल. त्याचं म्हणणं असं, की लोकांनी पैसे दिले, किंकाळ्या दिल्या, पण बीटल्सनी त्या बदल्यात आपल्या नसा, आपलं चित्त दिलं. १९६६ चं साल बघा. जुलैत फिलिपिन्समध्ये मनिलाला तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीच्या समारंभाला हे गेले नाहीत म्हणून तिथली सुरक्षा काढून घेतली आणि विमानतळावर धक्काबुक्की झाली. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांच्या दौऱ्यांमधला शेवटचा कार्यक्रम झाला. स्वतःचं वाजवणं स्वतःला ऐकू येत नाही अशा गोंगाटात ते वर्षानुवर्षं वाजवत होते. विमानात बसल्यावर जॉर्ज म्हणाला, चला, आता मी बीटल राहिलो नाही. सुटल्यासारखं म्हणाला.

आणि मग दोन-तीन आठवड्यांत तो कुठे आला? आपल्या मुंबईत. रविशंकरांकडे सतार शिकायला. ओळख लपावी म्हणून मिशी वाढवली होती, ताजमध्ये दुसऱ्या नावाने उतरला होता. तरी बातमी फुटली, हॉटेलबाहेर गर्दी जमली, पत्रकार परिषद घ्यावी लागली. शेवटी गुरु-शिष्य दोघंही श्रीनगरला गेले आणि दल सरोवरातल्या हाउसबोटीवर शिकवणी झाली. मी स्वतः सतार शिकते. शिकायला आलेल्या माणसाला खोलीत बसून पलटे घोटायलाही मिळू नयेत, हे मला फार लागलं.

त्याने सांगितलेली एक आठवण तर मी आमच्या वर्गातल्या लहान मुलांना सांगते. सुरुवातीच्या एका शिकवणीत फोन वाजला म्हणून तो उठला आणि सतार ओलांडून जायला लागला. रविशंकरांनी त्याच्या पायावर फटका दिला आणि वाद्याचा मान ठेवायला सांगितलं. जगभर लोक ज्याच्या पाया पडायला तयार होते, त्याने हा फटका स्वतःहून, आनंदाने सगळ्यांना सांगितला.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. मतभेद असतील तर तेही लिहा.

दुसरी_गिटार

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. माझ्या आयडीवरून कळलंच असेल की हा विषय माझा आहे.

पुण्यात कॉलेजात असताना आमचा पाच जणांचा बँड होता. दोघं गाणी लिहायचे, मी लीड गिटार वाजवायचो. मीही लिहायचो. दर वेळी तालमीत माझं गाणं सर्वांत शेवटी निघायचं, म्हणजे खोलीची वेळ संपत आलेली असताना. कुणी वाईट नव्हतं. कुणी “तुझं गाणं नको” असंही कधी म्हणालं नाही. फक्त वेळच उरायचा नाही. जॉर्जने बीटल्सच्या अल्बममध्ये आपल्याला एक-दोन गाण्यांची जागा कशी मिळायची हे सांगितलंय ते वाचताना मला ती खोली आठवते.

त्यात पैशांची बाजूही आहे, ती लोक विसरतात. गाण्यांचे हक्क सांभाळणारी नॉर्दर्न साँग्ज ही कंपनी १९६५ मध्ये शेअर बाजारात आली. लेनन आणि मॅकार्टनी यांचे प्रत्येकी १५ टक्के, आणि जॉर्ज व ड्रमवाला रिंगो मिळून १.६ टक्के. म्हणजे जॉर्ज स्वतःचं गाणं लिहायचा आणि त्याच्या हक्काच्या उत्पन्नातला मोठा वाटा त्याच्याच दोन सोबत्यांच्या आणि दलालांच्या कंपनीत जायचा. यावर त्याने गाणंच लिहिलं. याला मी कुरकूर म्हणणार नाही. हिशेब मांडणं म्हणेन.

पण मला सगळ्यात आवडते ती पाहुण्याची गोष्ट. १९६८ मध्ये त्याच्या एका गाण्यावर बाकीचे मन लावून वाजवत नव्हते. ६ सप्टेंबरला तो गिटारवादक मित्र एरिक क्लॅप्टनला सोबत घेऊन स्टुडिओत आला. क्लॅप्टन आधी नको म्हणत होता, बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरचं कुणी वाजवत नाही म्हणून. जॉर्ज म्हणाला, त्याचा काय संबंध, गाणं माझं आहे. क्लॅप्टन आल्याबरोबर सगळे नीट वागायला लागले, नीट वाजवायला लागले. जानेवारी १९६९ मध्ये बिली प्रेस्टनला कीबोर्डवर बसवलं तेव्हा पुन्हा तेच झालं.

आपल्या घरात नाही का, भांडण अगदी रंगात आलेलं असतं आणि दाराची बेल वाजते. पुढच्या क्षणी सगळे “या, या, बसा” म्हणत उभे. जॉर्जला हे कळलं होतं आणि त्याने ते गाण्यासाठी वापरलं. भांडून त्याला काही मिळालं नसतं.

अनुजा_लीड्स

मींडताई, लेख मनापासून आवडला, पण माझं मत थोडं वेगळं आहे.

२०२१ मध्ये १९६९ च्या जानेवारीतलं बीटल्सच्या तालमींचं चित्रण सविस्तर बाहेर आलं, ते मी पूर्ण पाहिलं आहे, दोनदा. ‘तू म्हणशील ते वाजवतो, नको म्हणशील तर वाजवतच नाही’ हे जॉर्जचं पॉलला दिलेलं उत्तर जगप्रसिद्ध आहे, आणि त्यामुळे सगळे पॉलला हुकूमशहा समजतात. मला त्या खोलीत वेगळंच दिसलं. मॅनेजर ब्रायन एपस्टाइन १९६७ मध्ये गेले होते. जॉनचं लक्ष उडालेलं. कुणीतरी सकाळी येऊन “चला, काम करू” म्हणायला हवं होतं, आणि ते अप्रिय काम पॉलच्या गळ्यात पडलं. १० जानेवारीला जॉर्ज उठून गेला, त्यात पॉलइतकाच जॉनच्या थंडपणाचाही वाटा होता असं मला वाटतं.

आणि पॉलने जॉर्जसाठी केलेलं आपण मोजतच नाही. १९६६ मध्ये करांवर चिडून लिहिलेल्या जॉर्जच्या गाण्यातला गिटारचा तो भन्नाट तुकडा पॉलचा आहे, त्यात त्याने मुद्दाम भारतीय वळण आणलं. जॉर्जने पुढे स्वतःच सांगितलं, की पॉलने ते वाजवलं याचा मला आनंदच झाला. ‘द इनर लाइट’ या स्वतःच्या गाण्याच्या वेळी जॉर्ज गायला कचरत होता, आपल्याला जमणार नाही म्हणत होता. तेव्हा जॉन आणि पॉल दोघांनी त्याला धीर दिला, गा तू, चांगलं होतंय म्हणून.

१९७४ च्या पत्रकार परिषदेत जॉर्ज म्हणाला, की जॉनबरोबर बँडमध्ये मी कधीही जाईन, पण पॉलबरोबर नाही, आणि हे वैयक्तिक नाही, संगीतापुरतं आहे. तुम्ही याला स्पष्टपणा म्हणता. एवढ्या लोकांसमोर जुन्या शाळासोबत्याबद्दल असं बोलायची गरज होती का? लिव्हरपूलमध्ये एकाच बसने शाळेत जाणारी ही मुलं होती.

त्याहून जास्त मला त्याचं न बोलणं लागतं. १९८० मध्ये त्याने स्वतःच्या आयुष्यावर पुस्तक काढलं. त्यात जॉनचा आपल्यावर काय प्रभाव पडला याबद्दल जवळजवळ काही नाही. जॉनने त्याच वर्षी मुलाखतीत सांगितलं, की मला हे फार लागलं. डिसेंबरात जॉनचा खून झाला. ते तसंच राहून गेलं.

मींड

अनुजा, जॉनबद्दलचं तुझं म्हणणं मला मान्य आहे. मूळ लेखात मी ते टाळलं, कारण त्याचा बचाव माझ्याकडे नाही.

पॉलबद्दल मात्र एक सांगते. १९७४ मध्ये त्याने कारणही दिलं होतं: पॉल उत्तम बेस वाजवतो, पण कधी कधी दुसऱ्याला जागा उरू देत नाही. पंधराव्या वर्षाच्या आसपास जॉर्ज या मुलांच्यात आला. बसच्या वरच्या मजल्यावर जॉनला एक धून वाजवून दाखवली आणि आत घेतला गेला. वयाने सगळ्यांत लहान. १९६० मध्ये बँड जर्मनीत हॅम्बुर्गला वाजवत होता, तिथून त्याला परत पाठवलं तेही अठरा पूर्ण नव्हते म्हणून. घरातल्या धाकट्याला तो चाळिशीला आला तरी मोठी भावंडं “थांब रे, तुला नाही कळत” म्हणतात. जॉर्जचं सगळं म्हणणं त्या जागेवरून आलेलं आहे. सत्तावीसाव्या वर्षी, नोव्हेंबर १९७० मध्ये, त्याने तीन तबकड्यांचा अल्बम काढला, कारण गाणी साठूनच राहिली होती. त्यातलं शीर्षकगीत जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सच्या तालमीत वाजवून झालं होतं आणि मागे पडलं होतं.

फोर्टकर

बराच काळ वाचनमात्र होतो. या विषयावर राहवलं नाही.

माझी नोकरी मुंबईत फोर्टात झाली, सर फिरोजशहा मेहता रोडच्या आसपास. एचएमव्हीचा स्टुडिओ त्याच रस्त्यावर होता. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज तिथे आला आणि ९ ते १३ तारखेपर्यंत एका चित्रपटासाठीचं संगीत ध्वनिमुद्रित करून गेला. वादक कोण, तर सरोदवर आशिष खान, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबल्यावर महापुरुष मिश्रा. पुढे ही नावं एका कार्यक्रमात आणायची म्हटलं असतं तर आयोजकाला वर्षभर आधी धावपळ करावी लागली असती. त्या आठवड्यात ‘द इनर लाइट’चं वादनही इथेच झालं. मार्च १९६८ मध्ये ते बीटल्सच्या तबकडीच्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीवर, आलेलं जॉर्जचं हे पहिलं गाणं, आणि ते वाजलं आपल्या फोर्टात.

त्या स्टुडिओबद्दल जॉर्जने जे सांगितलं आहे ते वाचून माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. स्टुडिओ कचेऱ्यांच्या वर, आणि बाहेरचा आवाज अडवायची सोय जवळजवळ नाही. नीट कान देऊन ऐकलंत तर टॅक्सी जाताना ऐकू येते, असं तो म्हणाला. संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली की ध्वनिमुद्रण थांबवावं लागायचं, कारण जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पावलांचा दणदणाट आत यायचा. साडेपाचची ती गर्दी मी बत्तीस वर्षं अंगावर घेतली आहे. डबे वाजवत, चर्चगेटची गाडी पकडायला सगळे एकदम जिन्यात.

आणि याबद्दल त्याने तक्रार केली नाही. तिथे जुनं मोनो यंत्र होतं, म्हणजे सगळे आवाज एकाच पट्टीवर नोंदणारं, त्यामुळे वाजत असतानाच आवाजांचा मेळ जमवून टाकावा लागायचा. ते मला आवडलं, आठ आणि सोळा ट्रॅकच्या, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांवर आवाज घ्यायच्या, सवयीने माणूस लाडावतो, असं त्याचं म्हणणं.

माझे एक नातेवाईक चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिन वाजवायचे. तेही हेच सांगायचे. सगळे वादक आणि गायक एकाच वेळी. चाळिसावा व्हायोलिनवाला चुकला तरी टेक पहिल्यापासून. त्यामुळे प्रत्येकाचं चित्त गाण्यात. बीटल्सचा पहिला अल्बमही तसाच: ११ फेब्रुवारी १९६३ च्या एका दिवसात दहा गाणी.

विद्या३२

फोर्टकर काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अजून लिहा.

मला दोन प्रश्न आहेत. मोठ्या बहिणीमुळे जॉर्जच्या १९७० च्या अल्बमची ओळख झाली. त्याने नंतर त्याच अल्बमच्या ध्वनीबद्दल नाराजी दाखवली, ते का? आणि त्या अल्बममधल्या सर्वांत गाजलेल्या भक्तिगीतावर उचलेगिरीचा खटला झाला, त्याबद्दल तो काय म्हणाला?

आणि एक शंका. प्रसिद्धी नको म्हणणारा हा माणूस १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठीच्या मदत कार्यक्रमात सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. याचा मेळ कसा घालायचा?

मींड

विद्या, शंकेपासून सुरुवात करते. बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी काही करावं ही कळकळ रविशंकरांची. त्यांनी जॉर्जला सांगितलं, आणि जॉर्जने काही आठवड्यांत सगळं जमवलं. आयुष्यभर बाजूला उभं राहून वाजवलेल्या माणसाला मध्यभागी येणं जड गेलं, हे त्याने लपवलं नाही. नाव नकोसं असलं तरी ते आपल्याकडे आहे, तर कुणाच्या पोटात दोन घास जातील यासाठी वापरावं, इतका साधा विचार. दोन कार्यक्रमांच्या तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर ५० सेंट युनिसेफला गेले. रेकॉर्ड आणि चित्रपटाचा पैसा मात्र अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकला, कारण कार्यक्रमाआधी धर्मादाय म्हणून नोंद झालेली नव्हती. याचा त्याला शेवटपर्यंत त्रास झाला.

आता १९७० चा अल्बम. सहनिर्माता फिल स्पेक्टर. त्याची पद्धत अशी की दोन-तीन गिटारी, दोन पियानो, दोन ड्रम, सगळं एकदम आणि त्यावर दाट घुमारा. ऐकताना भिंतच अंगावर येते. २००१ च्या नव्या आवृत्तीच्या वेळी जॉर्जने लिहिलं, की ही गाणी त्या प्रचंड थाटातून मोकळी करावीशी वाटतात. तीस वर्षं लोक ज्याला त्याचं सर्वोत्तम काम म्हणत होते, त्याबद्दल हे. मला स्वतःला तो घुमारा आवडतो, पण सतारीची तार ऐकायला शिकलेल्या कानाला असं का वाटलं असेल ते कळतं.

खटल्याचा निकाल १९७६ मध्ये लागला. १९६३ च्या एका लोकप्रिय गाण्याची चाल त्याने नकळत, सुप्त मनातून घेतली, असं न्यायाधीशांनी म्हटलं. मुद्दाम चोरी केली असं म्हटलं नाही. वाईट भाग पुढचा. त्याचाच जुना व्यवस्थापक ॲलन क्लाइन, जो आधी त्याच्या बाजूने होता, त्याने समोरच्या कंपनीचे हक्क विकत घेतले. शेवटी न्यायालयाने ठरवलं की क्लाइनला यात नफा होऊ द्यायचा नाही, आणि त्याने मोजलेले ५,८७,००० डॉलर तेवढे भरून जॉर्जने ते १९६३ चं गाणं घ्यावं. चाल सारखी आहे हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, असं तो स्वतः नंतर म्हणाला. काही काळ गाणं लिहायला बसताना धाक वाटायचा, हेही त्याने सांगितलं.

खर्ज

मी ख्याल गातो, रॉक फारसं ऐकलेलं नाही. तरी १९७४ च्या अमेरिका दौऱ्याबद्दल लिहितो, कारण तो गळ्याचा विषय आहे.

त्या शरद ऋतूत जॉर्ज एकीकडे नवा अल्बम पुरा करत होता, दुसरीकडे दौऱ्याच्या तालमी. गळा बसला. विश्रांती घ्यायला हवी होती, ती न घेता नोव्हेंबर-डिसेंबरात जवळजवळ रोज, कधी दिवसातून दोनदा, तो गायला. अल्बमवरही तो घोगरा आवाज तसाच आहे. समीक्षकांनी सोललं. शिवाय श्रोते बीटल्सची गाणी ऐकायला आलेले, आणि हा कार्यक्रमाचा मोठा भाग रविशंकरांच्या वाद्यवृंदाला देतो, जुन्या गाण्याचे शब्द बदलून देवाचं नाव घालतो.

याबद्दल विचारल्यावर त्याने गांधीजींचं नाव घेतलं. माणसाने आपल्याला हवी ती प्रतिमा घडवावी आणि जपावी, आणि मला हवी असलेली प्रतिमा ‘बीटल जॉर्ज’ ही नाही. ज्याला ते हवं आहे त्याने दुसरीकडे जावं.

आमच्या गुरुजींना लोक मैफलीत एकच नाट्यगीत मागायचे, रेडिओवर गाजलेलं. ते दर वेळी गायचे आणि घरी येऊन गप्प बसायचे. जॉर्जने नकार दिला आणि त्याची किंमत मोजली. बसलेल्या गळ्याने गाणं ही चूक होती, शिष्याने केली तर मी रागावेन. पण नकार देणं चूक नव्हतं असं मला वाटतं. त्यानंतर अमेरिकेत त्याने असा दौरा पुन्हा केला नाही.

अवांतर: सतार त्याने का सोडली, हे मींड यांनी लिहिलं नाही. ते ऐकायला आवडेल.

मींड

खर्ज, तुमच्या गुरुजींची आठवण वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

सतार सोडली, कारण आपण मोठे सतारिये होणार नाही हे त्याला कळलं. पंधरा वर्षं आधी सुरुवात करायला हवी होती, असं तो म्हणाला. रविशंकरांनीही त्याला त्याची मुळं कुठे आहेत हे विचारलं होतं. मग तो गिटारकडे परतला. १९६९ च्या अखेरीस स्लाइड वाजवायला लागला. बोटात काचेची नळी घालून ती तारेवरून सरकवतात, म्हणजे पडदे आड येत नाहीत आणि स्वर एकातून दुसऱ्यात वाहत जातो. त्याची स्लाइड ऐका. दोन-तीन स्वरांच्या मधला जो प्रवास आहे तो ब्लूजवाल्यांसारखा नाही, तिथे सतारीवर तार ओढून एका स्वरातून दुसऱ्यात घसरत नेतात ती मींड आहे. शिकलेलं कुठेही गेलं नव्हतं.

दुसरी_गिटार

स्लाइडबद्दल शंभर टक्के सहमत. मी ते स्वर बसवायचा प्रयत्न केलाय. वेग अजिबात नाही, पण सुरावर बरोबर थांबायचं असतं आणि तिथेच हात फसतो.

अनुजाताईंच्या प्रश्नावरून आठवलं. १९८८ चा तो पाच जणांचा बँड: जॉर्ज, बॉब डिलन, टॉम पेटी, रॉय ऑर्बिसन, जेफ लिन. जॉर्जला युरोपातल्या एका सिंगलसाठी जास्तीचं एक गाणं हवं होतं, ते डिलनच्या गॅरेजमध्ये सगळ्यांनी मिळून केलं. गाण्याचं नाव तिथे पडलेल्या खोक्यावरच्या सूचनेवरून घेतलं. कंपनी म्हणाली, हे मागच्या बाजूला वाया घालवू नका, आणि त्यातून अख्खा अल्बम झाला. पाचही जणांनी खोटी नावं घेतली, सगळे एका काल्पनिक घराण्यातले भाऊ. कुणी प्रमुख नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला हवा तसा बँड मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात ऑर्बिसन गेले, हे मात्र फार लवकर झालं.

अनुजा_लीड्स

हे वाचून बरं वाटलं. मी लिव्हरपूलला आर्नल्ड ग्रोव्हचं १२ नंबरचं घर बाहेरून पाहिलं आहे. चाळीतल्या खोल्यांसारखी एकाला एक चिकटलेली घरं, तो होता तेव्हा संडास मागच्या अंगणात. वडील बसवर नोकरीला. तिथून निघालेल्या मुलाने पुढे शेकडो झाडं लावत दिवस घालवावेत आणि पुस्तक जगभरच्या माळ्यांना अर्पण करावं, हे त्या गल्लीत उभं राहिल्यावर मला जास्त कळलं. पॉलबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

विद्या३२

मींडताई, शेवटच्या अल्बमबद्दल कुणीच लिहिलं नाही.

मींड

तो २००२ मध्ये आला, जॉर्ज गेल्यावर एका वर्षाने. २९ नोव्हेंबर २००१ ला तो गेला तेव्हा गाणी अर्धवट होती. मुलगा धनी आणि जेफ लिन यांनी ती पुरी केली. गाणी कशी व्हायला हवीत हे जॉर्ज धनीशी बोलून गेला होता, आणि फार चकचकीत करू नका असं त्याने बजावलं होतं. त्यामुळे त्यात त्याचा आवाज आणि युकुलेले अगदी जवळ ऐकू येतात, खोलीत बसल्यासारखे. काही ठिकाणी जेफने जरा जास्त सजवलंय असं मला वाटतं, पण थोडंच.

१९९७ मध्ये त्याने रविशंकरांसाठी वैदिक मंत्रांचा अल्बम केला, त्याचं काही ध्वनिमुद्रण मद्रासला झालं आणि काही जॉर्जच्या घरी. त्याबद्दल लिहायचं तर मंत्रांच्या चालींबद्दलही लिहावं लागेल. खर्ज, तुम्ही मदत करणार असाल तर पुढच्या आठवड्यात वेगळा धागा काढते.

खर्ज

जरूर. रविवारी सकाळचा रियाझ झाला की ऐकून ठेवतो.